मात्रा आणि मुहूर्त

‘प्लास्टिकने आणि फवारण्यांनी हल्लीचे पुरुष नपुंसक होत चालले आहेत’ हे विधान आपल्याकडे इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्यात नपुंसकत्व आणि वंध्यत्व या दोन सर्वस्वी भिन्न बाबींची सरमिसळ झालेली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ज्याची संभोगशक्ती पूर्ण शाबूत आहे अशा गृहस्थाच्या वीर्यात शुक्राणूंचा अभाव असू शकतो. आणि मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे तपासण्या मात्र त्याच्या बायकोच्याच चाललेल्या असतात.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली आहे: विष थोडे असले तर बाधत नाही. संप्रेरकांच्या बाबतीत प्रश्न ‘किती’ याइतकाच ‘केव्हा’ हाही असतो. गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्यापासून त्याच्या वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन स्रवू लागतात आणि पुरुषदेहाची पुढील घडण त्याच्या हुकमाने होते. डीडीटीच्या विघटनातून निघणारे डीडीई हे द्रव्य, अंमलदाराची खुर्ची अडवून बसलेल्या आगंतुकाप्रमाणे, या संप्रेरकाची पेशींतील जागा अडवते. प्लास्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स उंदरांच्या गर्भात त्याचे उत्पादनच घटवतात. उंदराच्या गर्भावस्थेत पंधराव्या ते अठराव्या दिवसांच्या सुमारास हा निर्णायक काळ येतो, आणि तो उलटल्यावर तेच द्रव्य दिले तर जननेंद्रियांची जन्मजात व्यंगे उद्भवत नाहीत. प्रौढ पुरुषाचा पाण्याचा डबा कशाचा आहे याची चिंता करणारे आपण, गर्भवतीच्या त्या आठवड्यांविषयी मात्र बेफिकीर असतो.

हे सारे प्रयोगशाळेपुरते आहे असे मानणाऱ्यांनी केरळातील कासरगोडचा दाखला पाहावा. तेथील काजूच्या मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान या कीटकनाशकाचा वर्षाव झाला. मळ्यांच्या पायथ्याच्या गावातील ११७ शाळकरी मुलांची फवारणीपासून दूर वाढलेल्या ९० मुलांशी तुलना अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ज्यांचा संपर्क अधिक त्यांचे वयात येणे लांबलेले आणि टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम वाढलेला, वृषणाकडून तामिली मात्र उणी. वृषण खाली उतरण्याशी संबंधित जन्मदोष ५.१ टक्के विरुद्ध १.१ टक्के असे निघाले, परंतु हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, आणि तो पुरावा म्हणून मिरवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या औषधाला मनाई केली.

राहता राहिली ती घरातल्या वडीलधाऱ्यांची समजूत, की ‘एक गोटी वर आहे, उतरेल मोठेपणी’. सहा महिन्यांपर्यंत ती उतरण्याची वाट पाहावी. त्यानंतर आपोआप उतरणे विरळा, आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेणे श्रेयस्कर, कारण शरीराच्या आतील उष्णतेत वृषणातील बीजपेशी क्षीण होत जातात. अशा प्रत्येक बाळाच्या बाबतीत रसायनालाच आरोपी करणेही गैर. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि आनुवंशिकता ही कारणे जुनीच आहेत. फक्त तपासणाऱ्याने हात आधी चोळून ऊबदार करून घ्यावेत, कारण गार स्पर्श होताच निरोगी बाळाचेही वृषण क्षणात वर सरकते आणि नसलेल्या दोषाची नोंद कागदावर होऊन बसते.