मांडव्याला निघण्यापूर्वी

मी मराठीचा प्राध्यापक. भवसागर, जीवननौका, पैलतीर हे शब्द वर्षातून निदान शंभरदा माझ्या तोंडून जातात. त्यामुळेच की काय, आमच्या महाविद्यालयाच्या नौकामंडळाची देखरेख कोणी करायची असा प्रश्न निघाला तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पाठदुखी पुढे केली, अर्थशास्त्राच्यांनी सासुरवाडी. मला आयत्या वेळी काही पुढे करायला सुचले नाही. त्याला आता बरीच वर्षे झाली. एवढ्या काळात वल्हे धरायला शिकलो, आणि काव्यातली नाव गळते ती अर्थ सांगण्यासाठी, खरी नाव गळते ती काहीच न सांगता, एवढे ज्ञान पदरात पडले.

ते कसे पडले, त्याचीच ही हकीकत. रविवार 29 जानेवारी 2023 रोजी आम्ही पाच लहान नावा घेऊन मुंबईहून मांडव्याला गेलो. वाचकांपैकी अनेकांनी हा प्रवास केला असेल. गेटवेहून लाँचमध्ये बसावे, भज्यांची पुडी संपते न संपते तोच मांडवा दिसू लागते. 2020 पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटात घालून नेणारी मोठी बोटही आहे. सरळ रेषेत मोजले तर अंतर चौदाएक किलोमीटर. पण सोळा फुटी नावेत, एक शीड, दोन वल्ही आणि चार माणसे एवढ्या संसारानिशी निघालात, की तेच अंतर निराळे दिसू लागते. मध्ये मोठ्या जहाजांची वाट आहे आणि एका अंगाला उघडा समुद्र आहे.

पाच नावा एकत्र निघाल्या की पाचपट निर्धास्त व्हायला हरकत नाही, असे आरंभी मलाही वाटे. वस्तुतः पाच नावा म्हणजे पाच ठिकाणी बिघाड होण्याची सोय. एकीचे सुकाणू निखळले की पाचही थांबतात. सगळ्यांत मंद नाव जो वेग धरील तोच सर्वांचा वेग. वारकऱ्यांच्या दिंडीत म्हातारी माणसे असली म्हणजे दिंडी जशी चालते, तसेच हे.

आमच्याबरोबर इंजिनाची होडी घेऊन येण्याचे एका कोळी गृहस्थांनी कबूल केले होते. वय सत्तरीच्या आसपास, सगळी हयात दर्यावर गेलेली. मुले त्यांना तांडेलमामा म्हणत, आणि ते मला मास्तर म्हणत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ते नावा पाहायला आले. हात मागे बांधून पाचही नावांभोवती फिरले, कशालाही हात लावला नाही, आणि मला विचारले, "मास्तर, होऱ्या तपासनार कोन?"

"ज्याची त्याने. जो ज्या नावेत बसणार तो ती तपासणार," मी म्हणालो. शिस्तीचा मला थोडा अभिमानच होता.

"आपली होरी आपुन बगाची नाय," मामा म्हणाले. "आपला पोर सगल्यांनाच गोरा दिसतो."

तेव्हापासून नियम ठरला. पहिल्या नावेच्या चौघांनी दुसरी तपासायची, दुसरीच्यांनी तिसरी, याप्रमाणे. पाचवी नाव माझी. ती तपासायची पाळी चौथीच्या मुलांची होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. सरांच्या नावेत दोष काढायचा म्हणजे सरांच्या हस्ताक्षराला नावे ठेवण्यासारखेच! त्यांची अडचण ओळखून मी उदारपणे म्हणालो, "राहू द्या, माझी मी पाहतो."

त्या महिन्याभरातले शनिवार फार आनंदात गेले. पाचांपैकी दोन नावा सागवानी, तीन फायबरच्या. लाकडी नावा पावसाळाभर आणि पुढेही छपराखाली उपड्या पडून वाळल्या होत्या, फळ्यांमधल्या सांध्यांतून उजेड दिसत होता. कुजलेला जुना धागा आकड्याने ओढून काढायचा, तेलात भिजवलेला नवा सुती धागा पीळ देऊन सांध्यात ठोकून बसवायचा, वरून राळ आणि तेलाचे लुकण भरायचे. धागा सैल बसला तर पाणी येते आणि फार ठोकला तर फळी सरकते. हे सगळे करून नावा पाण्यात सोडल्या, तर पहिल्याच संध्याकाळी आत घोटाभर पाणी! पोरे हवालदिल. मामा हसून म्हणाले, "पिऊंदे तिला." सुकलेले लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप आवळतात. तिसऱ्या दिवशी तळ जवळजवळ कोरडा होता. फायबरच्या नावेला हे जमत नाही. ती पाणी पीत नाही, फुगत नाही, आणि तिचे काही बिघडले असेल तर चेहऱ्यावर दाखवतही नाही. हे वाक्य मी आज लिहितो आहे. त्या वेळी ते मला सुचले असते तर फार बरे झाले असते.

शिडाचे कापड चांगले दिसते, पण उन्हाने आधी मरतो तो शिवणीचा दोरा. नखाने खरवडला की तो पिठासारखा गळतो. दोन शिडे अशी निघाली, ती मुलींनी घरी नेऊन शिवली. सुकाणूच्या बिजागऱ्या, वल्ह्यांच्या खोबण्या, पाणी उपसायच्या बादल्या, सारे कोणी ना कोणी हलवून, ओढून पाहिले. तळाच्या भोकाचे बूच दोरीने नावेलाच बांधून टाकले, कारण बूच हरवण्यात प्रथम वर्षाची मुले आणि अनुभवी माणसे यांत फारसा फरक नसतो. (सुकाणू हा शब्द अरबीतून आला, बूच पोर्तुगीजांकडून. आमची नाव अशी सर्वांच्या उसनवारीवर चालते.) तिसऱ्या नावेच्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी नांगर मोठा हौसेने सजवला होता. नवी दोरी, खोलीच्या पाचपट लांब, सुबक गुंडाळी. दुसरीच्या मुलांनी ती गुंडाळी उलगडली, तेव्हा दोरीचे दुसरे टोक कशालाच बांधलेले नव्हते. नांगर टाकला असता तर तो समुद्राला अर्पणच झाला असता. मामांचा नियम त्या दिवशी सर्वांना पटला. मलाही पटला, पण इतरांपुरता.

जाकिटे अंगावर चढवून प्रत्येकाने पाण्यात उडी मारून पाहिली. पट्टे सैल असले तर माणूस खाली राहतो आणि जाकीट कानांपर्यंत वर येते. पुढे 18 डिसेंबर 2024 रोजी याच बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीचा अपघात झाला, तेव्हा मुंबईभर जाकिटांची चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र ती 2023 मध्येच सुरू केली होती, रोज जेवणाच्या वेळी.

दिवस कसा निवडला, हेही सांगायला हवे. मामा तिथीवरून भरती काढत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमाराचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. छापील कोष्टकाशी ताडून पाहावे आणि फरक पडला तर कोष्टकाचे ऐकावे, असे ते स्वतःच सांगत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याची ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी, ओढ कमी. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी माघ शुद्ध अष्टमी, आणि नेमका रविवार. म्हणजे भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटीचा शेवट दुपारी बाराच्या आसपास. नऊ-साडेनऊला निघावे, उतरत्या पाण्याने दक्षिणेकडे थोडा हात द्यावा, आणि तांबडी-पांढरी जहाजे मागे पडेपर्यंत पाणी फिरावे. मग काही चुकलेच तरी भरती बंदरात ढकलील, बाहेर ओढून नेणार नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगीही मिळाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. मुलगी दुसऱ्या वर्षाला, उत्साही, पोहण्यात पटाईत. बाईंचे माहेर अलिबागकडचे. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईचे काका 'रामदास'वर होते."

कोकणच्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांच्या घरात त्यानंतर गटारी अमावास्येला कधी गोडधोड झाले नाही.

"मी तिला अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा सर, नाव तुम्ही स्वतः पाहिलीत ना?"

"हो. आणि तिला मी माझ्याच नावेत घेतलंय," मी म्हणालो. त्यांचा चेहरा निवळला. चहा घेऊन त्या गेल्या.

शेवटची परीक्षा 22 जानेवारीला ठेवली होती. छातीभर पाण्यात नाव न्यायची, मुद्दाम काठोकाठ भरायची, चौघांनी आत बसायचे आणि पाव तास थांबायचे. भरलेली नाव समतोल तरंगत राहिली तर माणसे तिला धरून मदतीची वाट पाहू शकतात. लाकडी नावांत आम्ही बाकाखाली हवाबंद पिंपे बांधली होती. फायबरच्यांत पुढे-मागे हवेचे कप्पे असतात, त्यांना फिरकीचे गोल झाकण. चार नावा पास झाल्या. पोरे भिजून चिंब, गाणी म्हणत होती.

माझी नाव पाच मिनिटे छान राहिली. मग मागचा भाग हळूच खाली जाऊ लागला. आधी वाटले कोणी तरी मागे सरकले. मग नाळ वर उचलली गेली, मागचे बाक दिसेनासे झाले, आणि आम्ही चौघे पाण्यात उभे राहिलो. ती मुलगी खदखदून हसत होती. छातीभर पाण्यात हसायला काहीच हरकत नव्हती. मला हसू आले नाही.

नाव ओढून काठावर घेतली आणि झाकण उघडले. आतली रबरी कडी वाळून तडकली होती. दुरुस्तीहून आली तेव्हा तिला नवा रंग होता. मी झाकण पाहिले होते, घट्ट आहे का म्हणून पिळलेही होते, पण उघडून आत हात घातला नव्हता. ते झाकण माझ्याच बाकाखाली होते. तपासणीच्या कागदावर माझ्याच अक्षरात 'हवेचे कप्पे – ठीक' असे लिहिलेले होते. मुलांनी तो कागद पाहिला आणि कोणी काही बोलले नाही. मामाही नाही. त्यांनी बोलायला हवे होते, असे मला वाटत राहिले.

कडी बदलायला पन्नास रुपयेही लागले नाहीत. बुधवारी पुन्हा बुडवून पाहिले, तरी कप्प्यात तांब्याभर पाणी सापडलेच. तेव्हा मुलांनी युक्ती काढली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, बुचे घट्ट लावली आणि कप्प्यात ठासून भरल्या. आता झाकण फुटले तरी बाटल्यांतली हवा कुठे जाणार? त्यानंतर नाव अर्धा तास पाटावर बसल्यासारखी राहिली. तपासणीचा नवा कागद मी चौथीच्या मुलांच्या हाती दिला. त्यांनी तीन ठिकाणी 'नाही' लिहिले. दोन गोष्टी खरोखरच तशा होत्या, तिसरी मला चिडवण्यासाठी असावी.

त्या रात्री मी बाईंना फोन केला. फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो, हे लपवीत नाही. म्हणालो, "मी नाव पाहिली असं तुम्हाला सांगितलं, ते खरं नव्हतं. नुसती वरून पाहिली होती." आणि सारी हकीकत सांगितली. पलीकडे शांतता. मग त्यांनी विचारले, "आता कोणी पाहिली?"

"मुलांनी. तुमच्या मुलीनं कप्प्यात हात घालून बाटल्या स्वतः भरल्या आहेत."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग येऊ दे तिला."

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच. सकाळी धुरकटात मांडवा दिसत नव्हता, म्हणून होकायंत्रावर निघालो. मतलई वारा अकराच्या सुमारास पडला, तासभर वल्ही मारली. जहाजांच्या वाटेशी मामांनी हात वर केला आणि पाचही नावा जवळजवळ येऊन थांबल्या. एरवी इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या नावेला वाट द्यायची असते. पण जे जहाज अरुंद मार्ग सोडून जाऊच शकत नाही, त्याला लहान नावेने किंवा शिडाच्या नावेने अडवू नये, असे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. पेट्यांनी लादलेले एक अजस्र जहाज न्हाव्याकडे निघून गेले. त्याच्या लाटांवर आम्ही वरखाली झालो आणि मग वाट ओलांडली. पुढे वायव्येचा वारा आला. पहिल्या दोन नावांनी शिडे अर्धी केली, कारण सागवानी नावांतली थोरली मागे पडत होती. पावणेदोनला मांडव्याच्या वाळूला नाळ लागली.

किनाऱ्यावर बाई उभ्या होत्या. माहेराहून आल्या होत्या, हातात डब्यांची पिशवी. मुलगी धावत गेली, तिच्या ओल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला, आणि पिशवी तिच्याकडे देऊन त्या सरळ माझ्या नावेकडे आल्या. साडी जरा वर धरून पाण्यात शिरल्या आणि मागच्या बाकाखाली वाकून पाहू लागल्या.

"हेच का ते झाकण?"

मी झाकण फिरवून उघडले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. बाटल्या दाटीवाटीने बसल्या होत्या. तळाशी बोटे फिरवून त्यांनी हात बाहेर काढला, पाहिला, आणि कोरडा होता तरी पदराला पुसला.