तत्त्वज्ञान : एक जीवनपद्धती (लेखांक ६) – आत्मपरीक्षणाची साधना
मागील लेखांकात स्टोइकांच्या ‘अनुमती’ या संकल्पनेचा, म्हणजे मनावर उमटलेल्या ठशाला बुद्धीने दिलेल्या मान्यतेचा, विचार केला होता. आपला अपमान झाला असे क्षणभर वाटणे माणसाच्या हाती नसते. परंतु त्याची परतफेड केलीच पाहिजे हा निवाडा तो स्वतः करतो आणि क्रोध या निवाड्यातूनच उभा राहतो, असे स्टोइक मानत. मात्र हा सिद्धांत पटला म्हणून क्रोध आवरत नाही, त्यासाठी नित्य अभ्यास लागतो.

या अभ्यासाचे वर्णन रोमन तत्त्वज्ञ सेनेका (मृत्यू इ. स. ६५) याने क्रोधावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात केले आहे. सेक्स्टियस या पूर्वसूरीच्या परिपाठाला अनुसरून तो रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराचे आपले बोलणे-वागणे तपासत असे. कुठे वाद वाढवला, कुणाला सुधारण्याऐवजी दुखावले, हे स्वतःपासून न लपवता पाहत असे आणि पुन्हा असे घडू नये अशी ताकीद देऊन स्वतःला क्षमा करत असे. ही क्षमा म्हणजे शैथिल्य नव्हे, कारण शिक्षेच्या भयाने मन दोष झाकू लागते आणि मग परीक्षणच खुंटते.

पाली मज्झिमनिकायातील ६१ व्या सुत्तात बुद्ध आपल्या प्रव्रजित पुत्राला, राहुलाला, आरशाचा दृष्टान्त देऊन आत्मपरीक्षणच शिकवतात. परंतु तेथे त्याची व्याप्ती वाढते. काया, वाचा व मन यांनी घडणारे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतरही पाहावे, आणि त्याने स्वतःला, इतरांना किंवा उभयतांना पीडा होते का, हे तपासावे, असा हा उपदेश आहे. कायेने किंवा वाचेने घडलेला दोष शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सहसाधकांपुढे उघड करावा, असेही त्यात सांगितले आहे. भिक्षु-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून सम्राट अशोकाने भाब्रू लेखात जे सात धर्मपर्याय, म्हणजे धर्मोपदेशाचे पाठ, नमूद केले, त्यांत असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेला उपदेश आहे. म्हणजेच ही साधना गृहस्थांसाठीही होती.

या दोन्ही साधनांचे अधिष्ठान एक नाही. स्टोइकांच्या मते माणसातील विवेक हा विश्वव्यापी बुद्धितत्त्वाचा अंश असून त्याच्याशी सुसंगत जगणे हाच सद्गुण होय. बौद्ध विचार असा स्थिर ‘स्व’ मानत नाही आणि दुःखनिरोध हे साध्य ठरवतो. सेनेकाचे परीक्षण एकांतात पूर्ण होते, राहुलाचे सहसाधकांच्या साक्षीपर्यंत जाते. हे भेद पुसून दोन्ही परंपरा एकच आहेत असे म्हणणे दोहोंवरही अन्यायकारक ठरते. तथापि, स्वतःच्या आचरणाकडे रोज निर्भयपणे पाहिल्यावाचून कोणताही सिद्धांत स्वभावात उतरत नाही, याबाबत दोन्ही परंपरांची साक्ष एकच आहे, आणि तत्त्वज्ञानाला जीवनपद्धती म्हणण्याचा आधारही हाच आहे.