विंडमिल हिलचे तीन खंदक

श्राद्धाच्या दिवशीं आपण पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नांवानिशीं उच्चार करतों. त्यांच्या पलीकडील पुरुष वंशावळींत आढळले तर आढळले. त्यांच्याहि मागें गेलों म्हणजे सारेच ‘पूर्वीचे लोक’ होऊन बसतात. कोण कोणाच्या आधीं झाला, कोणीं कोणास डोळ्यांनीं पाहिलें, हें कांहींच उरत नाहीं. लेखनकला ज्यांस ठाऊक नव्हती अशा लोकांविषयीं तर ही अडचण अधिकच मोठी. ती कशी दूर होऊं लागली आहे, हें इंग्लंडांतील एका टेकडीवरील खंदकांच्या हकीकतीवरून वाचकांस सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

विल्टशायर परगण्यांत एव्हबरी म्हणून एक गांव आहे. त्याच्या वायव्येस विंडमिल हिल नांवाची खडूच्या खडकाची एक बुटकी टेकडी लागते. तिच्या माथ्याभोंवतीं एकांत एक अशीं खंदकांचीं तीन कडीं आहेत. सर्वांत बाहेरच्या कड्याचा व्यास सुमारें ३६० मीटर भरतो. चमत्कार असा कीं, हे खंदक सलग नाहींत. थोडें खणावें, थोडी जमीन तशीच सोडावी, पुन्हां खणावें, अशा रीतीनें तें काम झालेलें आहे. ज्यास शत्रूला अडवावयाचें आहे तो खंदकांत इतक्या वाटा ठेवणार नाहीं. अर्थात् हा नुसता किल्ला नव्हे, हें उघड आहे.

१९२३ सालीं ह्या टेकडीवर बिनतारी संदेशाचें ठाणें उभारण्याचा घाट घातला गेला. पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्ड यांनीं त्यास विरोध केला, आणि मुरंब्याच्या व्यापारांत संपन्न झालेल्या घराण्यांतील अलेक्झांडर कीलर यांनीं पुढील वर्षीं टेकडीच विकत घेतली. १९२५ ते १९२९ पर्यंत त्यांनीं तेथें उत्खनन केलें. गुरांचीं, डुकरांचीं व मेंढ्यांचीं हाडें, मातीच्या भांड्यांचीं खापरें आणि गारेचीं हत्यारें विपुल निघालीं. कांहीं भांड्यांची माती तर दूर कॉर्नवॉलच्या टोकाकडील होती. एका लहान मुलाचा सांगाडाहि खंदकांत सांपडला. दूरदूरचीं कुटुंबें येथें वेळोवेळीं एकत्र जमत, भोजनें करीत व त्यांतील अवशेष खंदकांत ठेवीत, असें अनुमान आतां बहुतेकांस मान्य आहे.

पण हे लोक केव्हांचे? धातूचा मागमूस नसल्यामुळें ते नवाश्मयुगांतील, एवढें ठरलें. पुढें मात्र अंदाजच होता. मिसर देशांतील राजांचे काळ ठाऊक. तेव्हां तेथील वस्तूंशीं युरोपांतील वस्तू ताडून पाहावयाच्या आणि पायरीपायरीनें इंग्लंडपर्यंत यावयाचें, अशी पद्धति होती. स्टुअर्ट पिगट हे ह्या विषयांतील मोठे अधिकारी. दुसऱ्या महायुद्धांत ते आपल्या देशांत होते व भारताच्या प्रागितिहासावरहि त्यांनीं ग्रंथ लिहिला. ब्रिटनमधील नवाश्मयुगाचा आरंभ इ. स. पू. २००० च्या सुमारास झाला, असें त्यांनीं १९५४ सालीं प्रतिपादिलें. त्यांच्या विद्वत्तेंत उणेपणा नव्हता. हातीं मापच नव्हतें.

तें माप १९४९ सालीं अमेरिकेंत विलर्ड लिबी यांनीं सिद्ध केलें. सजीव प्राणी व वनस्पति यांच्या शरीरांत कार्बनाचा एक किरणोत्सर्गी प्रकार असतो. मृत्यूनंतर त्याची नवी भर थांबते आणि ५७३० वर्षांत तो निम्मा उरतो. उरलेला भाग मोजला म्हणजे मृत्यूचा काळ निघतो. पुढें जुन्या वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलयांशीं हें गणित पडताळलें, तेव्हां ब्रिटनमधील नवाश्मयुग दीड हजारांहून अधिक वर्षांनीं मागें सरकलें.

तरीहि काम संपलें नव्हतें. एका हाडाचा काळ ह्या रीतीनें काढला तर शंभर-दोनशें वर्षांचा संशय राहतोच. शिवाय खंदकांतील हाड खंदकाइतकेंच जुनें कशावरून? तें आधींच्या उकिरड्यांतूनहि आलेलें असूं शकेल. ह्यावर उपाय असा कीं, सांध्यांत जोडलेलींच राहिलेलीं हाडें निवडावयाचीं. कारण स्नायु कुजण्यापूर्वीं पुरलीं गेलीं तरच तीं तशीं राहतात. मग थरांचा क्रम गणितांत मिळवावयाचा. आपल्या जुन्या घरांत जन्मतिथि लिहिलेली नसली, तर आजी सांगत, ‘अमका प्लेगच्या सालानंतरचा, आणि तमक्याहून धाकटा.’ प्रत्येक गोष्ट एकटी मोघम. पण साऱ्या एकत्र आणल्या कीं, वय बरेंच नेमकें ठरतें. तसेंच हें आहे.

अलस्डेर व्हिटल यांनीं १९८८ सालीं टेकडीवर पुन्हां थोडें उत्खनन केलें. त्यांनीं फ्रान्सिस हीली व अ‍ॅलेक्स बेलिस यांच्यासह अशा अनेक स्थळांचें गणित मांडून तें २०११ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्यावरून विंडमिल हिलचे खंदक इ. स. पू. ३७०० ते ३६०० ह्या शतकांतले ठरतात. आणि तिन्ही कडीं मिळून फार तर पाऊणशें वर्षांत खणलीं गेलीं असावीं, असें दिसतें.

आमच्या मतें ह्या आंकड्याचें मोल येथें आहे. ‘शतकानुशतकें चाललेलें काम’ म्हटलें म्हणजे माणसें दिसेनाशीं होतात. पाऊणशें वर्षें म्हटलीं कीं, तीं दिसूं लागतात. पहिलें कडें खणतांना ज्या पोरानें मातीच्या पाट्या वाहिल्या, तो शेवटचें कडें पुरें होतांना नातवंडांत बसून तें पाहत असूं शकेल. त्या लोकांचीं नांवें आपणांस कधींच कळणार नाहींत. परंतु त्यांसहि बाप, आजा व पणजा होते, आणि एकाचें काम दुसऱ्यानें पाहिलें होतें, एवढें तरी आज म्हणतां येतें. साडेपांच हजारांहून अधिक वर्षांपलीकडील माणसांविषयीं हें थोडें नव्हे.