फेराच्या मधोमध बसलेला माणूस

रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्ये पुलाखाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. पूल ओलांडला की उजव्या हाताला वाळू आणि सुरूचं बन. या किनारपट्टीवर गणपतीचे दिवस आले, मुंबईचे चाकरमानी घरी पोचले, की रात्री घरासमोरच्या खळ्यात जाखडीचा फेर धरला जातो. नाचणारे गोल फिरतात आणि गाणारे-वाजवणारे मधोमध बसतात. नाचणाऱ्याच्या एका पायात चाळ बांधलेला असतो. शाहिराचे शब्द त्याच्या कानावर पडतात खरे, पण पाय ऐकतो तो ढोलकीचं. शाहीर श्वास घ्यायला थांबला तरी फेर चालू राहतो. ढोलकी अर्धी मात्रा चुकली तर मात्र दहा-बारा पाय एकदम अडखळतात.

म्हणूनच कोकणातल्या कार्यक्रमांच्या फलकावर शाहिराच्या नावासोबत ढोलकी किंवा मृदंग वाजवणाऱ्याचं नाव येतं, आणि त्याला 'मृदंगमणी' म्हणण्याची रीत आहे. नमन-खेळ्यांतही मृदंग घुमला की प्रेक्षक सरसावून बसतात. शिमग्यात तर ढोलाशिवाय पालखी नाचवण्याची कल्पनाच कुणी करणार नाही.

रॉक बॅण्डमध्ये हाच माणूस सगळ्यात मागे बसतो. समोर झांजांच्या थाळ्या, भोवती ढोल, त्यामुळे तो धड दिसतही नाही. लोक गायकाकडे पाहतात, मग गिटारवाल्याकडे. ज्याला आपण एखाद्या बॅण्डचा खास 'आवाज' म्हणतो, तो घडवण्यात मागच्या माणसाचा वाटा गायकाइतकाच असतो, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

रॉकचा सर्वसाधारण ताल मराठी कानाला समजायला अवघड नाही. केरव्यासारख्या आठ मात्रा मोजायच्या. पायाने वाजणारा मोठा बेस ड्रम पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो. तारांमुळे खरखरीत वाजणारा स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, आणि हाय-हॅटच्या जोडझांजा आठही मात्रांवर. आपण टाळी देतो ती बहुधा समेवर. रॉकमध्ये वजन पडतं ते तिसरीवर आणि सातवीवर, आणि तो उलटा झोलच या संगीताचा प्राण आहे. इतका साधा ठेका कुणीही महिन्याभरात शिकेल. पण तो दोन माणसांनी वाजवला तर दोन वेगळी गाणी होतात. कुणाचा स्नेअर केसभर उशिरा पडतो आणि गाणं रेलून बसल्यासारखं वाटतं, कुणाचा जरा आधी पडतो आणि गाणं धावत सुटतं.

रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स हे याचं सुंदर उदाहरण. १९६३ मध्ये ते बॅण्डमध्ये आले आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. मूळ ओढा जॅझकडे. त्यांची एक सवय होती: डावा हात स्नेअरवर पडायच्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घ्यायचा. म्हणजे आठातल्या दोन मात्रांवर झांज गप्प. तेवढ्या पोकळीने स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू येतो आणि ठेक्यात श्वास घेतल्यासारखी हालचाल येते.

बीटल्सच्या रिंगो स्टारची गोष्ट हातांची आहे. ते मूळचे डावखुरे, पण वाजवायचे उजव्या हाताच्या लोकांसाठी मांडलेल्या ड्रम्सवर. उजवा वादक डावीकडच्या स्नेअरपासून उजवीकडच्या टॉम नावाच्या मोठ्या ढोलापर्यंत सरसर उतरत जातो. डाव्या हाताने सुरुवात करणाऱ्याला ते तसं जमत नाही, त्याला वाट बदलावी लागते. रिंगोंच्या तुकड्यांमध्ये जी अनपेक्षित, किंचित रेंगाळलेली गोडी आहे ती त्या अडचणीतून आली. १९६९ च्या 'कम टुगेदर' या गाण्यात टॉमवर भांडी पुसायचे टॉवेल पसरलेले होते. त्यामुळे कातड्याचा घुमारा मरतो आणि मऊ, दबका आवाज निघतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक थापणाऱ्या कोकणातल्या वादकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कणकेने वजन वाढून आवाज खोल जातो, टॉवेलाने तो आखडतो. कातड्यावर काय ठेवलं की नाद कसा वळतो, याचा शोध दोन्हीकडे सारखाच चाललेला असतो.

लेड झेपलिनचे जॉन बॉनम यांच्या बाबतीत तर घराचा जिनाच वाद्यात सामील झाला. इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर होतं. १९७१ च्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी बॉनमचे ड्रम्स तिथल्या जिन्याच्या तळाशी असलेल्या प्रवेश-दालनात मांडले आणि दोन मायक्रोफोन वरून, जिन्याच्या पोकळीत लटकवले. ढोलापासून दूर ठेवलेल्या त्या मायक्रोफोनमध्ये ठोक्याबरोबर घराच्या भिंतीही आल्या. गाणं सुरू होतं ते नुसत्या ड्रम्सनी, संथ आणि अजस्र. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉईज या हिप-हॉप गटाने तोच ठेका उचलून आपल्या गाण्याचा पाया केला. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम गेले. उरलेल्या तिघांनी नवा ड्रमर शोधला नाही, डिसेंबरमध्ये बॅण्ड थांबवल्याचं जाहीर केलं. ड्रमरची किंमत सांगणारा याहून बोलका निर्णय रॉकच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

आता मराठी घराकडे वळू.

ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नृत्य जाणणाऱ्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकलेल्या. अशा घरात १९५१ साली मुंबईत त्रिलोक गुर्टू जन्मले. तबला शिकले, मग पाश्चात्त्य ड्रम्सकडे वळले, आणि युरोपात जाऊन त्यांनी जे उभं केलं त्याला आधीचा नमुना नव्हता. ते स्टुलावर बसत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. त्यांच्याभोवती तबला, स्नेअर, झांजा, काँगा आणि पायाने वाजणारं एक मोठं कातडं असतं. शेजारी पाण्याची बादली. वाजवलेली थाळी किंवा शिंपल्यांची माळ तिच्यात बुडवली की स्वर हळूच वाकतो आणि थरथरतो.

काटेकोरपणे बोलायचं तर त्रिलोक रॉकचे नव्हेत, जॅझ-फ्यूजनचे. पण ड्रमर बॅण्डचा नाद कसा पालटतो हे समजून घ्यायचं तर त्यांच्यासारखा दाखला नाही. 'ओरेगॉन' या अमेरिकी बॅण्डचे तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले. त्यानंतर ती जागा त्रिलोक यांच्याकडे आली. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत गिटार, बेस आणि त्रिलोक एवढीच माणसं असत, आणि तरीही मंच भरलेला वाटे. ते तोंडाने बोल म्हणत आणि तेच बोल ड्रम्सवर उतरवत. तबल्याच्या बैठकीत पढंत ऐकलेल्या श्रोत्याला हे ओळखीचं वाटतं. परदेशी श्रोत्याला मात्र प्रथमच कळत होतं की ढोलालाही भाषा असते.

१९८८ मध्ये त्यांनी 'उस्फ्रेट' हा अल्बम काढला. त्यात आईला गायला बसवलं. एकीकडे शोभाताईंचा कसलेला, अनेक मैफली पचवलेला आवाज, दुसरीकडे मुलाचे ड्रम्स, आणि जोडीला डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर यांच्यासारखी माणसं. हा अल्बम मराठी घरांत फारसा पोचला नाही, याची हळहळ वाटते.

याच वाटेवर पुढच्या पिढीतले कर्ष काळे भेटतात. इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविच इथे १९७४ साली जन्म, न्यूयॉर्क परिसरात वाढ. ड्रम्स आणि तबला दोन्ही त्यांच्या हाताखाली. तबल्याचा आवाज विजेच्या यंत्रांतून फिरवून त्यांनी तो रॉकच्या मंचावर आणला. झाकीर हुसेन आणि बिल लॅसवेल यांच्याबरोबर ते 'तबला बीट सायन्स'मध्ये होते. २००१ चा 'रिअलाइझ' हा त्यांचा स्वतःचा अल्बम.

हिंदी चित्रपटसंगीतातही ही माणसं भरपूर होती: राहुलदेव बर्मन यांच्या तालविभागाचे आधार मारुतीराव कीर, तालवाद्यांचे कावस लॉर्ड आणि होमी मुल्लन, ड्रम्सवर बुजी लॉर्ड आणि गोव्याचे लेस्ली गोदिन्हो. तबकडीवर गायकाचं, संगीतकाराचं आणि कवीचं नाव छापलं जाई. यांचं नसे. ज्यांच्या ठेक्यावर दोन पिढ्या नाचल्या, त्यांची नावं आज जिज्ञासू रसिकांना शोधून काढावी लागतात.

ऐकण्याची सवय लावून घेणं फार कठीण नाही. ओळखीचं गाणं लावावं आणि पहिल्या वेळी गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त स्नेअरची तिसरी आणि सातवी मात्रा धरून ठेवावी. दुसऱ्या वेळी पायाचा बेस ड्रम ऐकावा, कारण बेस गिटार बहुधा त्याच्याशीच जोडी बांधून चालतं. तिसऱ्या वेळी ड्रमर कुठे थांबतो ते पाहावं. कडवं संपून ध्रुपद यायच्या आधी तो जे दोन क्षण भरतो, तिथे त्याचा स्वभाव उघडा पडतो.

भाट्याच्या आसपास वाढलेल्या मुलाला हे शिकवायला वर्ग लागत नाही. जाखडी रंगात आली की शाहीर शेवटची ओळ सोडून देतो, झांजा लागतात, ढोलकीची लय दुगुनीत जाते, आणि त्याच वेळी फेरातल्या प्रत्येक पायातला चाळ तिच्यामागे निघतो.