पावसाची वही आणि रुसलेला डबा

दिवाळी तोंडावर आली की घरोघर एक वाद ठरलेलाच. माळ्यावरचे सामान खाली येते आणि घरात ‘हे टाकून द्या’ व ‘असू द्या, लागेल कधीतरी’ असे दोन पक्ष पडतात. आमच्याकडे सौ. टाकणाऱ्यांच्या पक्षात आणि मी राखणाऱ्यांच्या. कचेरीत मात्र मी उलट्या पक्षात असतो. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, आणि जुन्या प्रोग्रॅममधली अडगळ काढून टाकण्यासारखे समाधान आमच्या धंद्यात दुसरे नाही. यंदा अशाच एका झाडलोटीत मी पाच ओळी काढून टाकल्या. त्या पाच ओळींपायी आंबोलीच्या एका निवृत्त शिक्षकांचा अकरा दिवसांचा पाऊस हरवला. पाऊस कसा हरवतो, असे वाचक विचारतील. तीच हकीकत सांगायची आहे.

हे शिक्षक म्हणजे सौ.चे मामा. सावंतवाडीहून बेळगावच्या रस्त्याने घाट चढून गेले की सुमारे ६९० मीटर उंचीवर आंबोली लागते. वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या घरात पाऊस झेलणारे हे गाव. पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि चपलांना बुरशी धरते. मामांनी सारे आयुष्य या पावसाचा हिशेब ठेवण्यात घालवले. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. ताप असो, पाहुणे असोत, साडेआठ चुकली नाही.

पुढे एका माजी विद्यार्थ्याने त्यांना आपोआप नोंद करणारा मापक आणून दिला. त्यात दोन जोडवाट्या असतात. एकीत ०.२ मिलिमीटर पावसाइतके पाणी साठले की ती कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याची नोंद तारेवाटे संगणकात होते. त्यामुळे दिवसाचा पाऊस किती एवढेच नव्हे, तर रात्री दोनला किती आणि तीनला किती, हेही कळते. मात्र नोंद घेणारा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालतो. म्हणून २००६ साली घेतलेला संगणक मामांनी आजवर जपला आहे. लाकडी कपाटात पिवळा दिवा लावून त्याला उबेला ठेवतात. बाळंतिणीचीही इतकी बडदास्त कोणी ठेवत नसेल!

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना आमच्या कंपनीचा एक डबा भेट दिला. आत दोन डिस्का, बाहेर एक हिरवा दिवा. घरातल्या संगणकांच्या फाइली तारेवरून याच्यात येऊन पडतात आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून त्या उघडता येतात. मामांच्या नोंदींची प्रत रोज रात्री या डब्यात जाऊ लागली. “आता माझा पाऊस दोन ठिकाणी राहतो,” असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “जावईबापू, डबा रुसलाय. फाइल घेत नाही.”

“ओल धरली असेल, मामा. पावसाळा सरला की बघू.”

आठवड्याने दुसरा फोन. मी म्हटले, तार बदलून बघा. भर पावसात घाट उतरून त्यांनी सावंतवाडीहून नवी तार आणली. तिसऱ्या फोनला माझा धीर सुटला. “मामा, तो एक्सपीचा संगणक आता खरेच टाका हो!” पलीकडे क्षणभर फक्त पागोळ्यांचा आवाज आला. मग “बरं” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही.

ऑगस्टात फोन आला तो मामींचा. “जावयबापू, ता मशीन कटकट वाजता. हे रातभर थंयच बसान ऱ्हवतत.”

डिस्क कटकट वाजू लागली म्हणजे रोग्याला घरघर लागली. त्याच रात्री मी पुण्याहून एस.टी. धरली.

सकाळी आंबोलीला उतरलो तो धुक्यात हातभर अंतरावरचे दिसेना. चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाला खालून सावंतवाडीच्या गाडीने आलेल्याशी मालवणीत बोले, आजऱ्याकडच्या माणसाशी घाटी वळणाने आणि बेळगावच्या ड्रायव्हरशी मोडक्या कानडीत. आधी गिऱ्हाइकाचे दोन शब्द ऐकायचे आणि मग त्याला कळेल ती बोली उचलायची. गंमत अशी की, फाइलींची देवघेव करणारे संगणकही नेमके हेच करतात. आमच्या शास्त्रात त्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थही ‘बोली’ असाच आहे.

एका संगणकाने दुसऱ्याची फाइल तारेवरून मागण्याची ही रीत आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ मध्ये आखली. तिचे नाव एसएमबी. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि तिच्या नव्या नव्या बोली निघत गेल्या. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तारेवरचे संभाषण ऐकून ऐकून ही रीत हस्तगत केली आणि सर्वांना फुकट वापरता येईल असा प्रोग्रॅम लिहिला. त्याला नाव हवे होते, तेव्हा त्याने शब्दकोशातून एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द काढवले. त्यांत ‘सांबा’ सापडला. आज घरगुती डब्यांपैकी कितीतरींच्या पोटात हा सांबाच असतो. आमच्या डब्यातला प्रोग्रॅम मात्र आम्हीच लिहिलेला, तेव्हा पुढचे पाप कोणा दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

मामांच्या संगणकाच्या पिढीतली यंत्रे बोलणे सुरू करताना आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी वाचतात. एक्सपीच्या यादीत सहा बोली आहेत. पहिली अगदी पणजोबांच्या काळची, ‘पीसी नेटवर्क प्रोग्रॅम १.०’. सहावी त्यातल्या त्यात नवी, ‘एनटी एलएम ०.१२’. समोरच्याने यांतली एक पसंत करायची आणि तिचे नाव न घेता फक्त यादीतला क्रमांक सांगायचा. पुढचा सारा संसार त्या क्रमांकावर.

मग जुन्या बोली टाकायच्याच कशाला? त्याला कारण घडले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, तो विंडोजमध्ये या जुन्या पिढीच्या बोलीसाठी ठेवलेल्या दारातल्या भगदाडातून. भगदाड बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य लोकांनी तो लावला नव्हता. दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद झाले आणि इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. लगेच २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. शिरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. त्याने आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तेव्हापासून जुन्या बोलीला सगळ्यांनीच दार लावले. विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत २०१७ च्या ऑक्टोबरपासून ती आपोआप मिळेनाशी झाली. सांबाने २०१९ मध्ये ती मुळात बंद ठेवून, ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी, अशी तजवीज केली.

आम्हीही तेच केले. जुन्यांपैकी एकच, सहावी बोली, कडीकुलपात ठेवली आणि मामांच्या डब्यात मी ती मुद्दाम चालू करून दिली होती. तिच्याहूनही जुन्या पाच बोली कोणी वापरत नव्हते. त्यांची नावे तेवढी आमच्या तक्त्यात पडून होती. जूनमध्ये ती मी पुसली. जुलैच्या आरंभी सुधारलेला प्रोग्रॅम एका रात्रीत साऱ्या डब्यांत आपोआप गेला, आणि मामांचा डबा रुसला.

मामांच्या माजघरात बसून मी डब्याकडे पाहिले. हिरवा दिवा शांत तेवत होता. वाईट बातमी सांगण्याची त्याला सोयच नव्हती, आणि ती न ठेवणारे आम्हीच. संगणकाला पेनड्राइव्ह लावावा म्हटले, तर त्या खाचांना हिरवा गंज चढलेला. आत डिस्क कटकटत होती. तारेवरचे बोलणे टिपून घेणारा वायरशार्क नावाचा प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर लावला आणि दोघांचा संवाद चोरून ऐकू लागलो.

मामांच्या संगणकाने आपल्या सहा बोली न चुकता वाचल्या. डब्याने उत्तर दिले: “पहिली.”

पहिली? ती तर डब्याला येतच नाही! आणि पुढचे वाक्य डबा सहावीत बोलला. मामांच्या संगणकाने बिचाऱ्याने दोनदा विचारले आणि बोलणे तोडले.

रात्री अकराच्या सुमारास, मध्यंतरी वीज जाऊन आल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यादी ऐकताना ओळखीचे नाव आले तरच माझा प्रोग्रॅम बोट मोडत होता. अनोळखी नाव मोजतच नव्हता. पूर्वी सहाही नावे तक्त्यात होती, म्हणून मोजणी बरोबर यायची. पाच पुसली आणि सहावी पहिली झाली! कचेरीत हे कोणाला कळले नाही, कारण तपासणीची आमची सारी यंत्रे नवी. त्यांना उत्तर क्रमांकाने द्यावेच लागत नाही, थेट नव्या बोलीत मिळते.

मी हे मामांना समजावू लागलो, तर ते चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे पटावरून काढलीत आणि उरलेल्याचा नंबर बदललात. पेपर मात्र जुन्याच नंबराने आले. निकाल भलत्याच्या नावावर लागणारच! मुख्याध्यापक म्हणून मी कारकुनाला हे एकदाच करू दिले होते.”

इतके नेमके वर्णन आमच्या कंपनीत कोणालाही जमले नसते.

दुरुस्ती दोन ओळींची. नाव ओळखीचे असो वा नसो, मोजायचेच. बारा वाजता नवा प्रोग्रॅम डब्यात घातला. मामांच्या संगणकाने यादी वाचली आणि डबा म्हणाला, “सहावी.” फाइली सरकू लागल्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत कित्येक वर्षांचा पाऊस एका तारेतून डब्यात उतरत होता. मामी मधूनमधून चहा देत होत्या. पहाटे चारच्या सुमारास नोंदी यंदाच्या जुलैपर्यंत आल्या आणि काटा अडकला. डिस्कचा तेवढाच तुकडा बिघडलेला. पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पण अकरा दिवसांच्या फाइली वाचता आल्या नाहीत त्या नाहीतच. डब्यात रोजच्या रोज प्रत जात असती, तर ते अकराही दिवस सुखरूप असते. पहिल्या फोनला मी उठलो असतो, तरीही असते.

मामांना सांगितले. ते उठले आणि कोनाड्यातली वही घेऊन आले. अकराही दिवसांचे साडेआठचे आकडे तिथे होते. बाजूला बारीक अक्षरात शेरे: ‘लाइट नाही.’ ‘रस्त्यावर दरड.’ ‘रात्री बेडूक गप्प.’ तासातासाचा हिशेब गेला तो गेला, पण दिवसाचा राहिला. “वहीला बोली एकच येते,” मामा म्हणाले. मला बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून जुन्या बनावटीची डिस्क मागवली आणि एक्सपीचा संसार पुन्हा मांडला. त्या संगणकाला बाहेरच्या जगाची वाट बंद ठेवली आहे. तो फक्त डब्याशी बोलतो आणि डबाही जुनी बोली फक्त त्याच्याशीच, एकाच कप्प्यापुरती बोलतो. घराचा पुढचा दरवाजा सताड उघडा टाकणे वेगळे आणि म्हाताऱ्या माणसासाठी परसदाराची खिडकी किलकिली ठेवणे वेगळे. पुण्याला परतल्यावर दुरुस्ती साऱ्या डब्यांना पाठवली, प्रत राहिली तर दिवा तांबडा होईल अशी सोय केली आणि कचेरीच्या कोपऱ्यात एक जुना एक्सपी आणून बसवला. नवे काहीही बाहेर पडण्यापूर्वी आता त्याचा होकार घ्यावा लागतो. पोरे त्याला ‘मामा’ म्हणतात.

वाचकहो, जुने सारे राखा असे मी म्हणणार नाही, सौ.ने हा लेख वाचला तर माळा यंदाही तसाच राहील! पण घरातले वडीलधारे जेव्हा ‘हे चालत नाही’ म्हणून सांगतात, तेव्हा ‘टाका ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून ऐकावे. चूक त्यांच्या यंत्राची नसेल, आपल्या मोजण्याचीही असू शकेल.

परवाच मामांचा फोन आला होता. मी पहिल्याच घंटेला उचलला. काम काहीच नव्हते. आंबोलीचा पाऊस थांबला, एवढेच सांगायचे होते.