दोन्ही पायांचा ब्रेमे

आंद्रेआस ब्रेमे (१९६०-२०२४), हॅम्बुर्गचा फुटबॉलपटू. जागा डाव्या बगलेची, तरी त्याचा खरा पाय कोणता, हे शेवटपर्यंत कुणाला छातीठोक सांगता आलं नाही. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने डाव्या पायाने गोल केला. चार वर्षांनी रोममधल्या अंतिम सामन्यात ८५ व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. कर्णधार माटेऊसचा बूट मोडला होता, नव्या बुटावर त्याचा भरवसा नव्हता. ब्रेमे पुढे आला आणि चक्क उजव्या पायाने चेंडू गोलरक्षकाच्या उजवीकडे, खांबाला खेटून आत. अर्जेंटिना ०, पश्चिम जर्मनी १.

बायर्न आणि इंटर मिलानकडून लीग विजेतेपदं मिळालीच. पण खरी गोष्ट त्याच्या कैझर्सलाउटर्न क्लबची. १९९६ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा हा पस्तिशीचा विश्वविजेता प्रतिस्पर्धी संघातल्या फ्योलरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आठवड्याभरात त्याच संघाने जर्मन चषक जिंकला (त्या सामन्यात ब्रेमेला लाल कार्ड!). पुढच्या वर्षी संघ वर आला आणि १९९८ मध्ये थेट बुंडेसलिगा विजेता ठरला. ब्रेमे तिथूनच निवृत्त झाला.

देशासाठी सामने ८६, गोल ८.