‘आढळले नाही’ म्हणजे काय? – ब्लड कॅन्सरमधील गुणसूत्रांची तपासणी

प्रमाणांवरच्या या व्याख्यानांत आज ब्लड कॅन्सरच्या रिपोर्टवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं इथे काय काम? काम आहे, पण ते रिपोर्टातल्या दोनच शब्दांपुरतं: ‘आढळले नाही’.

आधी थोडी वस्तुस्थिती पाहू. आपल्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरांचा मजकूर असतो. कधी त्यातलं एखादं अक्षर बदलतं. तो मुद्रणदोष समजा. रचनात्मक बदल वेगळा. त्यात पानंच्या पानं फाटून भलत्याच प्रकरणात जाऊन चिकटतात. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. मग उरलेला तुकडा गेला कुठे? याचं उत्तर यायला 13 वर्षं लागली. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की तुकडा हरवलेला नाही. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर दोन जनुकं जोडली जातात आणि त्यातून तयार होणारं प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ असं सांगत सुटतं. त्यालाच आवर घालणारं इमॅटिनिब 2001 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. म्हणजे सांधा सापडला, की औषध ठरतं.

पण सांधा शोधायचा कसा? जुनी पद्धत अशी: विभाजन होत असलेल्या पेशी घ्यायच्या, गुणसूत्रं रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पट्ट्या पाहायच्या. या नजरेला साधारण 50 लाख ते 1 कोटी अक्षरांहून लहान बदल दिसत नाही. दुसरी पद्धत ‘फिश’. ठरावीक जनुकाला चिकटणारा चमकता रंग सोडायचा आणि ते कुठे आहे ते पाहायचं. ही नजर तीक्ष्ण आहे खरी, पण विचारलं तेवढंच सांगते. लहान मुलांच्या एका ल्युकेमियात 12 आणि 21 या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल होते. ती टोकं दिसायला इतकी सारखी, की रंगवलेल्या पट्ट्यांत काहीच कळत नाही. फिशमध्ये मात्र सापडते.

आता खरा पेच पाहा. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वैज्ञानिकांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. पेशी दिसायला अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या, पण त्या आजाराची खूण असलेली 15 आणि 17 ची अदलाबदल नेहमीच्या तपासण्यांत आढळेना. खूण असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, नसेल तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेच्या रोपणाचा धोका! शेवटी संपूर्ण जनुकसंच वाचला. 15 वरचा सुमारे 77 हजार अक्षरांचा तुकडा 17 वरच्या जनुकात गुपचूप शिरला होता. सांधा होता, पण नेहमीच्या वाटेने आलेला नव्हता. रोपण टळलं. या वाचनाला 7 आठवडे लागले होते. आज हेच काम काही दिवसांत होऊ शकतं.

आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. पण त्यांची अट फार सुंदर आहे: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घट असता तर दिसला असता, एवढा उजेड हवा. अंधारात न दिसलेल्या घटाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सेंट लुईसच्या त्या रुग्णाचे पहिले रिपोर्ट खोटे नव्हते. त्या घटापुरता तिथे उजेड नव्हता, एवढंच.

‘मग सगळ्यांचाच जनुकसंच वाचा की!’ असं कुणी म्हणेल. पण तिथेही अंधारे कोपरे आहेत. मजकूर लहान लहान तुकड्यांत वाचला जातो, त्यामुळे एकच ओळ पुन्हा पुन्हा येते तिथे कुठला तुकडा कुठला, हे ठरेना होतं. नमुन्यात कर्कपेशी मोजक्याच असतील तरी बदल निसटतो. ऑप्टिकल मॅपिंगमध्ये डीएनएचे लांबच लांब धागे खुणा करून पाहतात. त्यात उलथापालथ छान दिसते, पण एका अक्षराची चूक दिसत नाही.

आणि काही वेळा थांबायला सवडच नसते. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तस्रावाने काही तासांत जीव जाऊ शकतो. तिथे डॉक्टर नुसत्या संशयावर औषध सुरू करतात, रिपोर्ट मागाहून येतो. इतर वेळी ‘आढळले नाही’ असं वाचल्यावर डॉक्टरांना जरूर विचारावं: कुठल्या पद्धतीने पाहिलं, किती पेशी पाहिल्या, आणि त्या पद्धतीला काय दिसू शकत नाही?